पाठीचं माप

माझे अब्बा नांदेडच्या जुन्या मोंढ्यात हमाल होते. लहानपणी दुपारी मी त्यांचा डबा घेऊन तिथं जायचो. ट्रकला टेकवलेली लाकडी फळी, तिच्यावरून पाठीवर पोतं घेऊन उतरणारी माणसं, त्यांच्या हातातला लोखंडी हुक आणि भिंतीला लागून छतापर्यंत गेलेली पोत्यांची थप्पी मला अजून दिसते. संध्याकाळी अब्बा घरी आले की अम्मी विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांची कंबर शेकायची. आमच्या घरातला दवाखाना तेवढाच.

एकदा मी त्यांना विचारलं, पोतं केवढं जड असतं? ते म्हणाले, "एक बोरा, एक क्विंटल. हिसाब को आसान."

हिशेबाला सोपं! पण कोणाच्या हिशेबाला? आडत्याच्या, मापाड्याच्या, वाहतूकदाराच्या. ज्याच्या पाठीवर ते जायचं, त्याला त्या सोपेपणाचा काय उपयोग? निजामाच्या राज्यात आपल्याकडे मण आणि पल्ल्याची मापं होती. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि क्विंटल आले. मापं बदलली, नावं बदलली. माणसाची पाठ किती पेलते, हे मात्र कोणत्याच तराजूनं विचारलं नाही. शंभर किलोची शंभर पोती एका माणसानं दिवसात उतरवली, तर दहा टन वजन त्याच्या मणक्यावरून जातं. हे गणित शाळेत आम्हाला कुणी घातलं नाही.

हा प्रश्न कायद्याला ठाऊकच नव्हता, असं मात्र नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ३४ वं कलम सांगत होतं की, इजा होईल इतकं जड ओझं कोणत्याही कामगाराला उचलायला लावू नये. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाच्या आतला. मोंढा म्हणजे काही कारखाना नव्हे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांनी माल आला, व्यापार आला, पण हे कलम तिथल्या हमालापर्यंत आलं नाही.

हमालाची खरी अडचण वेगळीच होती. त्याला मालक नव्हता. पाय मोडला तर आडत्या म्हणायचा, माल शेतकऱ्याचा आहे. शेतकरी म्हणायचा, मी तर आडत्याकडे माल घातला. ट्रकवाला म्हणायचा, माझं काम भाड्यापुरतं. काम सगळ्यांचं आणि माणूस कुणाचाच नाही.

ही गाठ सोडवायला दोन वाटांनी सुरुवात झाली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. डॉक्टर असलेल्या माणसाला हमालाचं दुखणं नुसत्या औषधानं बरं होणारं नाही, हे कळलं होतं. याच पंचायतीनं १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, कारण ओझं उचलणाऱ्याच्या पोटात आधी काहीतरी हवं. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी.

त्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. गोदी कामगारांसाठी १९४८ साली झालेल्या कायद्याचा अनुभव समोर होताच. या कायद्याची युक्ती साधी होती. हमालाला एक मालक नाही ना? मग मालक, कामगार आणि सरकार या तिघांचं मंडळ करा. त्यात मालकांची नोंद करा, कामगारांची नोंद करा. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, बोनस, औषधपाणी. पहिली मंडळं मुंबई भागात आली, मग बाकीच्या महाराष्ट्रात. कुणाचाच नसलेला माणूस निदान एका वहीत कुणाचा तरी झाला.

पोत्याचं वजन कमी व्हायला मात्र आणखी वेळ लागला. १९६७ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ओझ्याबद्दल एक करार केला. आरोग्याला धोका होईल असं ओझं कुणालाही वाहायला लावू नये, आणि कसं उचलायचं हे आधी शिकवावं, असं त्यात होतं. सोबतच्या शिफारशीत आकडाही होता. प्रौढ पुरुषानं एकट्यानं वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर असेल, तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावं. भारतानं हा करार मान्य केला २०१० साली, म्हणजे ४३ वर्षांनी. दरम्यान हमालांच्या संघटनांनी पन्नास किलोच्या पोत्याची मागणी लावून धरली होती. साखरेचं शंभर किलोचं पोतं पन्नासावर आलं. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली. अब्बांची कंबर त्याच्या कितीतरी आधीच गेली होती.

हा इतिहास आज सांगायचं कारण माझ्याच घरात घडलं.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या अकरावीसाठी आम्ही नांदेडहून लातूरला बिऱ्हाड हलवलं. लातूर पॅटर्नमुळे दर जूनमध्ये मराठवाड्यातली कितीतरी घरं अशी हलतात. पलंग, कूलर, गॅसची शेगडी, अभ्यासाचं टेबल लादलेले छोटे टेम्पो त्या दिवसांत गल्लोगल्ली दिसतात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. टेम्पोसोबत दोनच माणसं. त्यातले एक पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत होते.

लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा केला नव्हता. त्यात माझी पुस्तकं होती. कुलपात सुरक्षित राहतील, असा विचार. आणि ही गोष्ट मी मामांना सांगितली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट तिरकं झालं, आतली पुस्तकं एका बाजूला घसरली आणि सगळा भार खाली उभ्या असलेल्या मामांवर आला. त्यांच्या पायात साधी चप्पल होती. दोन बोटं मोडली.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. एक्स-रेचे पैसे दिले, खिशात थोडे आणखी घातले. टेम्पोमालकाला फोन केला तर तो म्हणाला, "सर, तो रोजंदारीचा माणूस आहे, आमचा नाही." हेच उत्तर मी लहानपणी मोंढ्यात ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही मनात तेच म्हटलं होतं. टेम्पो मी ठरवला, माणसं त्याची.

पोत्याला एक आकडा असतो. त्या आकड्यावरून भांडता आलं, म्हणून तो अर्धा झाला. आपल्या फ्रिजला, दिवाणाला, पुस्तकांनी भरलेल्या कपाटाला आकडा नसतो. मोंढ्यात शंभर हमाल एका जागी असतात, त्यांची संघटना होते. बिऱ्हाड हलवणारे दोघं-तिघं आज या गल्लीत, उद्या त्या गल्लीत. मामांचं नाव कुठल्याच मंडळाच्या वहीत नव्हतं. ते तीन-चार आठवडे घरी बसले असतील, तर ते स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊनच.

मोठ्या गोष्टी सरकारनं आणि संघटनांनी करायच्या आहेत. त्या माणसांची नोंद, विमा, भरपाई. पण काही गोष्टी आपल्या दारात होतात. कपाट रिकामं करा, दारं दोरीनं बांधा. जिन्यातल्या कुंड्या, सायकली आधी हलवा. कोणत्या डागात काय आहे, ते सांगा. मजला आणि जिना किती अरुंद आहे, हे टेम्पो ठरवतानाच सांगा आणि जड सामानाला चार माणसं मागा, पैसे जास्त लागले तरी. त्यांच्याकडे पट्टे आणि चाकांची ढकलगाडी आहे का, पायात बूट आहेत का, ते विचारा. ओझं अंगाशी धरून, गुडघ्यात वाकून उचलावं, कंबरेत वाकून नव्हे, हे त्यांना ठाऊक असतं. आपण "लवकर करा" म्हणून मागे लागलो की ते विसरायला होतं.

मुलीचं शिक्षण झालं, आम्ही पुन्हा नांदेडला आलो. या खेपेला सगळी पुस्तकं मी लहान लहान खोक्यांत भरली. एका हातानं उचलता येईल एवढीच. चार माणसं सांगितली. सामान उतरवून झाल्यावर चहा पिताना त्यातल्या एकानं विचारलं, "सर, तुम्ही कधी हमाली केलीय का?"

मी म्हटलं, "मी नाही. माझ्या अब्बांनी."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)