भाड्याच्या भिंतीवरचं बालपण

गिरगावातल्या ज्या चाळीत मी वाढले, तिथे मुलांसाठी वेगळी खोली कुणाकडेच नव्हती. मुंबईची भाड्याची घरं मुलांचा विचार करून बांधलीच गेली नव्हती. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तिथली एकेक खोली १६० चौरस फुटांची. कामगाराला पाठ टेकायला जागा हवी, एवढाच हिशेब होता.

तरीही मुलांनी आपली जागा केली, आणि ती टिकली ती एका कायद्यामुळे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने खासगी चाळींची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. भाडं वेळेवर भरणाऱ्याला उठवणं अवघड झालं, म्हणून एकाच बिऱ्हाडात तीन-तीन पिढ्या नांदल्या. उद्या घर सोडावं लागणार नाही अशी खात्री असली, की माणूस भिंतीत बिनधास्त खिळा ठोकतो.

आमचा कोपरा खाटेखाली होता. आजोबांनी लोखंडी खाटेचे पाय विटांवर चढवले होते आणि पुढे आजीच्या जुन्या नऊवारीचा पडदा सोडला होता. आत पत्र्याची ट्रंक, तिच्यावर आम्हा भावंडांची दप्तरं. भिंतीवर ‘चांदोबा’तली चित्रं, आणि १९७१मध्ये ‘किशोर’ सुरू झाल्यावर त्यातलीही. चिकटवायला आई मैद्याची खळ शिजवायची आणि झुरळांनी कागद कुरतडू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची. दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात मारला जाई. तेवढ्यापुरती जुनी चित्रं निघत आणि भिंत वाळली की नवी लागत. तुळईला पाळण्याची कडी होती. वडील, मी आणि धाकटा भाऊ, सगळे त्याच कडीला बांधलेल्या झोळीत झोपलो.

कायद्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, चाळी खचू लागल्या. १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. आमच्या गॅलरीला लाकडी टेकू लागले. त्यांतल्या एका टेकूवर मजल्यावरच्या सगळ्या मुलांची उंची खिळ्याने कोरलेली असे. दरवर्षी गुढीपाडव्याला डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून शेजारचे काका रेघ मारत आणि बाजूला नावाचं पहिलं अक्षर. टेकू ही इमारत धोक्यात असल्याची खूण होती, पण आम्ही तिच्यावर आमचं वाढणं लिहिलं. सुरक्षित छप्पर आणि हक्काची भिंत दोन्ही एकत्र मिळायला हवं होतं. आम्हाला त्यातलं एकच मिळालं.

पुढे वारं फिरलं. भाडे कायद्यातल्या १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला परवान्यावर (लीव्ह अँड लायसन्सवर) राहत असलेल्यांना भाडेकरूचे हक्क दिले आणि मालक धास्तावले. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेलं बरं, असं अनेकांना वाटू लागलं. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. आता लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालकाला घर परत घेता येतं. ११ महिन्यांचा करार सर्रास झाला, आणि मुलांच्या भिंती कोऱ्या झाल्या.

माझी भाची डोंबिवलीत भाड्याने राहते. मागचं घर सोडताना खिळ्यांच्या भोकांपायी तिच्या डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. म्हणून आता तिच्या लेकीची चित्रं कपाटाच्या आतल्या बाजूला लागतात. सहा वर्षांच्या मुलीला तेवढीच जागा मिळावी, हे मला पटत नाही. मालकाचं घर त्याला परत मिळालंच पाहिजे. पण मूल असलेल्या बिऱ्हाडाशी करार करताना एक ओळ जास्त लिहावी: अमुक भिंत मुलाची, आणि जाताना ती रंगवून देण्याची जबाबदारी भाडेकरूची. एका भिंतीच्या रंगाला जो खर्च येईल, तो मुलाच्या बालपणापेक्षा मोठा नक्कीच नाही.