कबुलीची किंमत

शासकीय सेवेत असताना लोकांच्या सह्या घेण्यात आमचे आयुष्य गेले. ‘वाचून, समजून सही केली’ हे वाक्य आम्ही असंख्य कागदांवर पाहिले. परंतु समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे क्वचितच कोणी विचारले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न २०१० साली उभा राहिला.

होझे पडिया हा मूळचा होंडुरासचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो अमेरिकेचा कायदेशीर रहिवासी होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्याने तेथील सैन्यात सेवाही केली होती. नागरिकत्व मात्र त्याच्याकडे नव्हते. २००१ साली केंटकी राज्यात त्याच्या मालट्रकमध्ये गांजा सापडला. ‘इतकी वर्षे येथे आहात, हद्दपारीची चिंता नको,’ असे वकिलाने सांगितल्याचे त्याचे म्हणणे. त्यावर विसंबून त्याने सरकार पक्षाशी तडजोड केली व गुन्हा कबूल केला. प्रत्यक्षात त्या कबुलीनेच हद्दपारी जवळजवळ अटळ झाली.

या चुकीमागे मोठा इतिहास आहे. १८९३ साली चिनी मजुरांच्या खटल्यात, हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. १९१७ च्या कायद्याने काही गुन्ह्यांसाठी परकीयांना देशाबाहेर घालविण्याची तरतूद केली; तथापि शिक्षा देणारा न्यायाधीश हद्दपारीविरुद्ध शिफारस करू शके आणि ती बंधनकारक असे. १९९० मध्ये हा अधिकार काढून घेण्यात आला. १९९६ च्या कायद्यांनी सरकारचा सवलत देण्याचा अधिकारही पुष्कळसा आखडला. दयेची दारे अशी एकेक बंद झाली आणि कबुलीच्या क्षणीच माणसाचे भवितव्य ठरू लागले. तरीही अनेक न्यायालये हद्दपारीला ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणत राहिली. जे आनुषंगिक, ते सांगणे वकिलाचे कर्तव्य नव्हे! केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले.

३१ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा निकाल फिरविला. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले की, हद्दपारी फौजदारी प्रक्रियेत इतकी गुंतली आहे की ती वेगळी काढता येत नाही. कायदा स्पष्ट असेल तेथे वकिलाने परिणाम स्पष्ट सांगावा; संदिग्ध असेल तेथे निदान धोक्याची सूचना द्यावी. मौन पुरेसे नाही. न्या. स्कॅलिया व न्या. थॉमस यांना हे मान्य नव्हते. खटल्यातील बचावापुरताच वकिलाचा हक्क राज्यघटना देते, असे त्यांचे मत होते.

निकालाला मर्यादाही पडल्या. २०१३ साली न्यायालयाने सांगितले की, ज्यांचे खटले २०१० पूर्वीच अंतिम झाले त्यांना याचा लाभ नाही. पुढे २०१७ मध्ये, लहानपणी दक्षिण कोरियातून आलेल्या एका व्यावसायिकाने चुकीच्या सल्ल्याने दिलेली कबुली त्याच न्यायालयाने टिकू दिली नाही. पुरावा त्याच्याविरुद्ध भक्कम होता. तरी हद्दपारी टाळण्यासाठी माणूस अगदी क्षीण आशेवरही खटला लढेल, हे न्यायालयाने ओळखले.

गुन्हेगाराची एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण कबुली देणाऱ्याला आपण काय गमावणार हे ठाऊक नसेल, तर ती कबुली कसली? आपल्याकडेही २००६ पासून फौजदारी कायद्यात अशा तडजोडीची सोय आहे, आणि आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात ‘ग्रीन कार्डा’वर राहत आहेत. परिणामाला ‘आनुषंगिक’ म्हटल्याने तो भोगणाऱ्याचे घर वाचत नाही. सही घेणाऱ्यांनी, आम्हीसुद्धा, हे पूर्वीच ओळखायला हवे होते.