विज्ञानकथा, मराठी (परग्रहविषयक)

वैज्ञानिक तत्त्वांचा तर्कसंगत विस्तार करून रचलेल्या कथात्म साहित्यास विज्ञानकथा म्हणतात. परग्रह व तेथील जीवसृष्टी हा तिचा एक प्रमुख विषय होय. पृथ्वीबाहेरच्या प्रवासाची मराठी वाचकांस ओळख झाली ती झ्यूल व्हेर्न यांच्या कादंबरीच्या ‘चंद्रलोकची सफर’ या अनुवादाने. तो केरळकोकिळ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा मानली जाते. तथापि पुढे बराच काळ हा प्रकार साहित्याच्या कडेलाच राहिला.

या स्थितीला वळण मिळाले ते एका स्पर्धेमुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) १९७४ मधील विज्ञानकथा-स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नारायण विनायक जगताप असे नाव होते. प्रत्यक्षात ती खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९ जुलै १९३८ – २० मे २०२५) यांनी लिहिली होती. आपल्या ख्यातीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव घेतले होते. तीव्र गुरुत्वाकर्षणाने कालगती मंदावते, हे सापेक्षता सिद्धांताचे अनुमान या कथेच्या मुळाशी आहे. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. यक्षांची देणगी (१९७९) या नारळीकरांच्या कथासंग्रहास राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

पाश्चात्त्य देशांत १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार वाचकांच्या मतदानाने ठरतो. गेथेन या काल्पनिक हिमग्रहावरील समाज रंगविणारी अर्सला ले ग्विन यांची द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस (१९६९) ही कादंबरी त्याची मानकरी आहे. तेथे रुजलेल्या साहित्यप्रकाराचा पुरस्काराने गौरव झाला. मराठीत मात्र पुरस्काराने तो प्रकार रुजविण्यास साहाय्य केले, आणि तेही विज्ञानप्रसाराच्या हेतूने. या हेतूची छाप तिच्या घडणीवर दिसते. प्रेषित (१९८३) या नारळीकरांच्या कादंबरीत परग्रहावरील संस्कृतीशी येणारा संबंध प्राधान्याने पृथ्वीवरूनच पाहिला आहे. वामन परत न आला (१९८६) मध्ये प्रगत संस्कृतीचा ठेवा भूगर्भात सापडतो. अपरिचित जग रचण्यापेक्षा अपरिचिताच्या आगमनाने आपल्या समाजाची कसोटी पाहणे, हे या लेखनाचे वैशिष्ट्य ठरते. त्यामुळे विज्ञान वाचकाच्या परिचयाच्या जीवनात आले. परग्रहावरील संपूर्ण समाजाची कल्पना करण्याचे क्षेत्र मात्र त्या मानाने अल्पस्पर्शित राहिले.