नदीतून वाहत आलेल्या ओंडक्यांचा मालक कसा ओळखत?

रेल्वे आणि मालमोटारी जंगलापर्यंत पोहोचण्यापूर्वी लाकूड वाहून नेण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे नदी. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात तोडलेले पाइनचे ओंडके नदीकाठी रचून ठेवत आणि वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी आले, की प्रवाहात सोडत. एकाच नदीत अनेक व्यापाऱ्यांचे लाकूड एकाच वेळी वाहत असल्याने कोणता ओंडका कोणाचा, हे ठरवणे आवश्यक होते. खुणांची पद्धत यातूनच रूढ झाली.

खुणा दोन प्रकारच्या असत. पहिली खूण ओंडक्याच्या बाजूवर, कुऱ्हाडीने साल छेदून केली जाई. सरळ घाव घालून करता येतील अशा साध्या आकृत्या त्यासाठी निवडत. दुसरी खूण कापलेल्या टोकावर ठोकत. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हातोड्याच्या तोंडावर अक्षर किंवा चिन्ह उठावाने कोरलेले असे. प्रवासात खडकांवर घासून साल निघून जाई; टोकावरचा ठसा मात्र लाकडाच्या तंतूंत दबलेला असल्याने टिकून राही. पाण्यात ओंडका कसाही फिरला तरी ठसा दिसावा, म्हणून तो दोन्ही टोकांवर अनेकदा ठोकत.

खुणेला कायद्याचे बळ नोंदणीमुळे मिळे. मिनेसोटात ओंडक्यांच्या खुणा सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवल्या जात. तेथील सेंट क्रॉय नदीवर 'बूम' चालवण्यासाठी १८५१ मध्ये एका कंपनीला सनद मिळाली आणि १८५६ मध्ये हे काम स्टिलवॉटर गावाजवळ आले. बूम म्हणजे साखळ्यांनी जोडलेल्या ओंडक्यांचा तरंगता बांध. येथे कामगार खुणा पाहून प्रत्येक मालकाचा माल वेगळा करत, त्याचे मोजमाप होई आणि कंपनी त्याबद्दल शुल्क आकारी. जंगलातील लाकूड संपत आल्यावर, १९१४ मध्ये, हे बूम बंद झाले.

चोरीही अर्थात होत असे. ठसा असलेल्या टोकाची पातळ चकती करवतीने कापून टाकायची आणि नव्या टोकावर आपला ठसा ठोकायचा, ही त्यातील नेहमीची युक्ती. एका ओंडक्याची किंमत फार नसली, तरी असे शेकडो ओंडके गेल्यास व्यापाऱ्याची संपूर्ण हंगामाची मेहनत वाया जाई. कारण नदीत सोडलेल्या मालावर त्याचा ताबा राहत नसे. त्या खुणेखेरीज मालकीचा दुसरा पुरावाच त्याच्याजवळ नसे.

हिमालयातील नद्यांमधूनही देवदाराचे लाकूड मैदानात आणले जाई. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये या वाहतुकीचा विचार केलेला आढळतो. मालकीच्या खुणांच्या वापराचे व नोंदणीचे नियम करण्याचा अधिकार कलम ४१ राज्य सरकारला देते. वाहत आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले लाकूड, तसेच ज्यावरील खूण नोंदलेली नाही किंवा पुसली गेली आहे असे लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचे मानले जाते, अशी तरतूद कलम ४५ मध्ये आहे. दावा करण्यासाठी नोटिशीपासून किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. वन अधिकाऱ्यांच्या खुणेची नक्कल करणे किंवा ती खोडणे हा कलम ६३ नुसार गुन्हा आहे.

नद्यांतून वाहणारे ओंडके आज दुर्मीळ झाले असले, तरी तोडलेल्या लाकडावर हातोड्याने ठसा उमटवण्याची वनखात्याची पद्धत टिकून आहे.