सर्व्हे नंबर : वरून पाहण्याचा इतिहास

१/ आमच्या बिद्रीत (ता. कागल, जि. कोल्हापूर) कोणत्याही शेताला दोन नावे असतात. आजी एका तुकड्याला 'वढ्याकडचा डाग' म्हणते. सातबाऱ्यावर त्याच तुकड्याला एक आकडा आहे. इंग्रजीचे एकही अक्षर न शिकलेली आजी त्या आकड्याला मात्र बिनचूक 'सर्व्हे नंबर' म्हणते. आजचा थ्रेड या 'सर्व्हे'विषयी आहे. हा शब्द मुळात मोजण्याचा नाही, पाहण्याचा आहे.

२/ लॅटिनमध्ये 'सुपर' म्हणजे वर आणि 'विदेरे' म्हणजे पाहणे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या 'सर्व्हे'चा शब्दशः अर्थ 'वरून पाहणे' असा होतो. 'सुपरवायझर' हा याच दोन धातूंचा वंशज. इंग्लंडात आरंभी सर्व्हेयर म्हणजे धन्याच्या मालमत्तेवर देखरेख ठेवणारा माणूस. जमीन मोजणारा हा अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या सुमारास ठळकपणे चिकटला. म्हणजे नजर आधी, साखळी नंतर.

३/ या 'विदेरे'चे नाते आपल्याही घरात पोहोचते. संस्कृतातील 'विद्' म्हणजे जाणणे, त्यातून 'वेद' आणि 'विद्या'. दोन्ही धातूंचे मूळ एकच. पाहिले म्हणजे जाणले, ही समजूत या भाषांच्या मुळाशीच आहे. ही समजूत किती खरी, हा या थ्रेडचा प्रश्न आहे.

४/ मराठीने याच कामासाठी स्वतंत्रपणे निवडलेला शब्दही पाहण्याचाच आहे : पाहणी. पेशवाईच्या महसुली कागदांत तो आढळतो. गंमत अशी की, कोल्हापूरकडे रोजच्या बोलण्यात आपण 'बघतो'; पण सरकारी कामाला 'बघणी' असे कोणी म्हणत नाही. बघणे आपले, पाहणी सरकारची.

५/ मोजणी अर्थात इंग्रजांच्या आधीपासून होती. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीचे माप सभासदाच्या बखरीत येते : पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. हे माप माणसाच्या शरीरातून निघाले होते. हात आणि मूठ रयतेलाही कळत होती.

६/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा बराचसा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. पुढच्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने मोठ्या हिशेबी पद्धतीने सर्व्हे केला. शेताचे उत्पन्न, त्यातून वजा जाता लागवडीचा खर्च, उरलेल्या नफ्याचा ठराविक हिस्सा म्हणजे सारा. कागदावर हे निर्दोष होते. प्रत्यक्षात मोजणी चुकीची निघाली, सारा पेलवेना आणि लोक जमिनी टाकून जाऊ लागले.

७/ म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुणे भागातील इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. नफ्याचा हिशेब सोडून त्यांनी जमिनीच्या प्रतीकडे पाहिले. मातीचा पोत, रंग आणि खोली पाहायची, खडे, चुनखडी, उतार असे दोष नोंदवायचे आणि सोळा आण्यांच्या तुलनेत शेताची किंमत ठरवायची. यालाच आपल्याकडे 'प्रतबंदी' म्हणतात. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याचा पाया ठरवली.

८/ 'सर्व्हे नंबर' या पद्धतीचे अपत्य. साधारण एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर, त्याच्या हद्दीवर दगड आणि कार्यालयात त्याचे टिपण. तेहतीस फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा (१०८९ चौरस फूट), आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज कोल्हापुरात प्लॉटचा भाव विचारताना आपण नकळत त्याच साखळीने बोलत असतो.

९/ इंदापूरचे दर आधीच्या मानाने हलके होते आणि तीस वर्षांसाठी कायम केलेले होते, म्हणून पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. हे श्रेय द्यायलाच हवे. पण मुदत संपली तेव्हा अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी नुकतीच होऊन गेली होती. तेजीच्या काळात डोळ्यांना दिसलेली सुबत्ता नव्या आकारणीत उतरली. नंतर भाव कोसळले, आकारणी मात्र तशीच राहिली.

१०/ १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दख्खनचे दंगे सुरू झाले. वाढलेला सारा हे त्यामागचे एक कारण, सावकारी कर्ज हे दुसरे. शेतकऱ्यांनी प्रामुख्याने सावकारांची कर्जखते हस्तगत करून जाळली. ज्या कागदाने आपल्याला कर्जदार म्हणून 'पाहिले', तो कागदच नाहीसा करायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

११/ आता कोल्हापूर संस्थान. पाहणी करणारा कोण, हा प्रश्न येथे राजर्षी शाहू महाराजांनी विचारला. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्यांच्या हाती होते. कोणाचे नाव कोठे लिहायचे, ही सत्ता जन्माने मिळत होती. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. पाहणाऱ्याची खुर्ची वंशाकडून नोकरीकडे गेली. दप्तराच्या इतिहासातील ही मोठी घटना आहे.

१२/ ही सत्ता किती खरी होती, ते कुळकायद्याने दाखवले. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे पात्र कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले. पण कसत होते, हे दाखवायचे कशाने? पीकपाहणीच्या नोंदीतील 'जमीन करणाराचे नाव' हा मोठा पुरावा. नाव दिसले, तर पिढ्यांची जमीन. नाव नसेल, तर हात नांगराला लागून झिजले तरी ते शाबित करण्याची यातायात.

१३/ थोडे शब्दाकडे वळू. दुष्काळ ठरवताना महसूल खाते आधी 'नजरअंदाज पैसेवारी' जाहीर करते. पन्नास पैशांच्या खाली म्हणजे टंचाईची स्थिती. मराठीत हा 'नजरेने केलेला अंदाज'. हिंदीत मात्र 'नज़रअंदाज़ करना' म्हणजे दुर्लक्ष करणे. तेथील 'अंदाज' हा फारसीतील 'टाकणारा' : तोफेचा गोळा टाकतो तो गोलंदाज, नजरेतून टाकले ते नजरअंदाज. मापणे आणि वगळणे, दोन अर्थ एकाच शब्दरूपात! पाहणीच्या इतिहासाचे याहून नेमके शीर्षक मला सापडलेले नाही.

१४/ कारण प्रत्येक पाहणी काहीतरी वगळते. सर्व्हेला शेताची खोली दिसली, पण त्यात भांगलण करणारी बाई दिसली नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला आणि पुरुषांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. तोवर कित्येक बायका सातबाऱ्यावर असल्याच, तर 'इतर हक्क' या रकान्यात होत्या. माझ्या आजीचे नावही तेथेच आहे. 'वढ्याकडच्या डागा'त तिने चाळीसहून अधिक पावसाळे काढले आहेत.

१५/ जमीन एकत्रीकरणानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९४७ चा तुकडेबंदी-एकत्रीकरण कायदा हे त्याचे मूळ. आमच्या घरच्या उताऱ्यावरही आज 'गट' लिहिलेले असते. आजीच्या तोंडी अजून 'सर्व्हे'च आहे. कागदाने शब्द बदलला, तरी जिभेने तो जपला.

१६/ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घेतो आणि नोंद करतो. दोनशे वर्षांत प्रथमच पाहिला जाणारा स्वतः पाहणारा झाला, ही लहान गोष्ट नाही. तरीही नोंद खातेदाराच्या खात्यावर होते. गेल्या हंगामात आमच्या उसाचे छायाचित्र मी काढले, नोंद वडिलांच्या नावे झाली आणि आजी पाठीमागे सरीतले तण उपटत होती. छायाचित्रात ती आलेली नाही. चौकट मीच धरली होती.

१७/ आणि आता ड्रोन. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. लॅटिन शब्दातले 'वरून पाहणे' अखेर अक्षरशः खरे झाले. त्यातून घराच्या मालकीचा कागद मिळतो, त्यावर कर्ज मिळू शकते. हा लाभ खरा आहे. परंतु उंची वाढली म्हणून छपराखालची माणसे अधिक दिसतात, असे नाही.

१८/ तेव्हा 'पाहिले म्हणजे जाणले' ही समजूत अर्धीच खरी. नोंदीत दिसण्यावाचून हक्क मिळत नाही, हे कृषकदिनाने दाखवले. म्हणून सर्व्हेला नुसती नावे ठेवून भागत नाही. पण नोंद म्हणजे कोणीतरी, कोठूनतरी, कशासाठीतरी टाकलेली नजर. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुना कागद वाचताना त्यात काय आहे हे पाहावेच. कोण पाहत होते आणि त्याला कोण दिसले नाही, हेही विचारावे.

१९/ आपल्या घरी जुना सातबारा असेल, तर आज तो काढा आणि 'इतर हक्क'चा रकाना वाचा. तेथे ज्यांची नावे आहेत, त्यांच्यापैकी कोणी हयात असेल, तर त्या शेताला त्या काय म्हणतात, ते विचारून लिहून ठेवा. ती पाहणी अजून कोणी केलेली नाही.

(समाप्त)