जुनी फाईल, नवा संगणक

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढायचे ठरले. पहिली 2003 साली निघाली. तेव्हा राहात्यातल्या एका डीटीपीवाल्याकडे स्टुलावर बसून मी मुद्रिते तपासली होती. तो संगणकावर दुरुस्त्या करायचा, मी पेरूच्या फोडी खात काना-मात्रा सांगायचो. काम संपल्यावर त्याने हातात सीडी दिली आणि म्हणाला, "भाई, आता शंभर वर्षं चिंता नाही."

परवा मुलीने ती सीडी लावली. आत दोन फायली होत्या, एक वर्डची आणि एक पेजमेकरची. पेजमेकर उघडायला घरात काही साधनच नाही. त्याची शेवटची आवृत्ती 2001 साली आली होती. वर्डची फाईल मात्र नव्या वर्डने निमूटपणे उघडली. पाहतो तर पानभर इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि स्वल्पविराम. माझी एकही ओळ नाही!

हे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम 1980 च्या दशकात आयआयटी कानपूरला झाले. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि पुढे ते काम तिथे वाढले. 1991 साली 'इस्की' या सांकेतिक पद्धतीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिची कल्पना शहाणपणाची होती. संगणकाने अक्षर लक्षात ठेवायचे, त्याचा आकार नव्हे. 'क' म्हणजे 'क', मग तो कुठल्याही वळणात दिसो.

पण छपाईच्या बाजारात निराळेच घडले. विंडोज आणि पेजमेकर आले. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम 256 घरे, आणि आपली जोडाक्षरे तर शेकडो. मग अक्षरांचे तुकडे केले गेले. अर्धा म, काना, वेलांटी, रफार अशा एकेका तुकड्याला इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात बसवले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची घरांची मांडणी वेगळी. म्हणजे पडद्यावर मराठी दिसत होते, पण फाईलच्या पोटात इंग्रजी चिन्हेच होती. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरते. माझ्या संग्रहाचे तेच झाले. दोष वर्डचा नव्हता, त्याने पेटी बरोबर उघडली होती. उर्दूतही 'इनपेज'च्या जुन्या फायलींनी अनेकांना असाच घाम फोडला आहे, तेव्हा हे दुखणे एकट्या मराठीचे नव्हे.

गंमत म्हणजे यावरचा उपाय तेव्हाच जन्मला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 चीच. तिने जगातल्या लिप्यांना कायमचे क्रमांक द्यायला सुरुवात केली, आणि देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. विंडोज 2000 मध्ये ती सोय आली, सोबत 'मंगल' नावाचा फॉन्ट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते आणि मराठी कवीही. देशभरच्या कचेऱ्यांत लोक वर्षानुवर्षे एका मराठी कवीच्या हातची अक्षरे वापरत होते. त्यांतल्या कितींना हे ठाऊक असेल? मला स्वतःला फार उशिरा कळले.

नवे आले तरी जुने एका रात्रीत जात नाही. ऑफिस 2007 ने फाईलचा प्रकारच बदलला आणि 2003 वाल्यांकडे ती उघडेना. कंपनीने जोडपुस्ती फुकट दिली होती, पण ती बसवणार कोण? "साहेब, जुन्या वर्डमध्ये सेव्ह करून पाठवा," असे फोन मी स्वतः घेतले आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. त्यामुळे नव्या संगणकावरचा 'ॲडव्होकेट' जुन्या संगणकावर रिकामा चौकोन होऊन उभा राहायचा. जाणकार दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर ठेवायचे, आधी जुनी बसवायची, मग नवी. 8 एप्रिल 2014 रोजी विंडोज एक्सपी आणि ऑफिस 2003 या दोघांचाही कंपनीने आधार काढून घेतला.

अशी ताटातूट आपल्याकडे पहिली नाही. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरांत होती. मग ती शाळेतून गेली, आणि आजोबांच्या हातचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम निकड भासली. एका ओळीवर घरातल्या पोराचा दाखला अवलंबून, आणि ती ओळ वाचणारा माणूस गावात नाही! मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 साली.

असो. मुलीने माझी फाईल एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली. हे काम वाटते तितके सरळ नसते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. बहुतेक मजकूर नीट आला, पण 'वाऱ्यावर'चे सगळीकडे 'वार्यावर' झाले. आता वारा हा माझा आवडता शब्द. दुरुस्त करता करता तो मी किती वेळा वापरला आहे हे कळले आणि थोडी लाजही वाटली.

मग आम्ही त्या डीटीपीवाल्याकडे गेलो. त्याने मागच्या खोलीत जुना संगणक कापड घालून ठेवला आहे, महिन्यातून एकदा चालू करतो. त्यावर पेजमेकरची फाईल उघडली, कागदावर छापून घेतली आणि मुलीने केलेल्या प्रतीशी ताडून पाहिली. तेव्हा लक्षात आले की मुद्रितातल्या दुरुस्त्या त्याने थेट पेजमेकरमध्ये केल्या होत्या. वर्डची फाईल त्याआधीची होती. तिच्यात सात ठिकाणी माझ्या ओळी वेगळ्या आहेत, आणि त्या मी का बदलल्या हे मला आज आठवत नाही. मुलगी म्हणते, त्यातल्या चार आधीच्याच बऱ्या होत्या. प्रकाशकाचा फोन दोनदा येऊन गेला, मी अजून ठरवलेले नाही.