जुन्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर: दुरुस्त करावा की बदलावा?

वऱ्हाडातील शाळा, भजनी मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांच्या सामानात एखादा जुना ॲम्प्लिफायर आणि त्याच्या जोडीचे लाकडी पेटीतले स्पीकर बहुधा सापडतातच. वर्षातील बहुतेक महिने हे सामान टिनाच्या छपराखाली पडून असते. पोळा सरला, की धूळ झटकून ते बाहेर काढले जाते. आवाज घरघरतो किंवा मधूनच बंद पडतो आणि ‘स्पीकर गेला, नवा आणा’ असा निर्णय तिथल्या तिथे होतो. जुना स्पीकर वजनावर भंगारात जातो. वास्तविक अशा वेळी स्पीकर निकामी झालेला असतोच असे नाही. झालाच असेल, तरी त्यातला कागद आणि काही मीटर तांब्याची तार एवढेच खराब झालेले असते. लोहचुंबक आणि सांगाडा हा खरा मोलाचा भाग शाबूत असतो.

जुन्या वाद्य-ॲम्प्लिफायरचा विषय निघाला, की संगीतप्रेमी मंडळी फेंडर, व्हॉक्स, मार्शल ही परदेशी नावे घेतात. त्यांतील स्पीकर अमेरिकेच्या जेन्सन किंवा इंग्लंडच्या सेलेशन कंपनीचे असत. आपल्याकडे आयातीवरील निर्बंधांमुळे ही सामग्री कित्येक दशके दुर्मीळच होती. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतील ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार असो वा मेंडोलिन, ते सार्वजनिक सभेच्याच ॲम्प्लिफायरमधून वाजवणे सोयीचे असे. १९४० पासून या व्यवसायात असलेल्या अहुजासारख्या देशी कंपनीचे यंत्र त्या काळी पुष्कळांच्या परिचयाचे होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून खेडोपाडी पसरलेल्या भजनी मंडळांची खंजिरी आणि शहरातील कलावंताची गिटार अशी एकाच जातीच्या यंत्राच्या आधाराने लोकांपर्यंत पोहोचली. स्पीकर जेन्सनचा असो की देशी, त्याची मूळ रचना एकच. चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना आजही फारशी बदललेली नाही.

या रचनेत चुंबकाच्या मध्यभागी एक अरुंद गोल फट असते. त्या फटीत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, अधांतरी तरंगते. ते कागदी शंकूला, म्हणजे कोनला, चिकटवलेले असते. नागमोडी वळ्यांची एक कापडी चकती त्याला मध्यभागी धरून ठेवते. तिला स्पायडर म्हणतात. विद्युतप्रवाह मागेपुढे झाला की वेटोळे हलते, त्याबरोबर कागद हलतो आणि आवाज निर्माण होतो. फट एका मिलिमीटरच्या आसपास असल्याने वेटोळे केसभर जरी सरकले, तरी ते लोखंडाला घासते. ‘स्पीकर फाटला’ अशी तक्रार पुष्कळदा या घासण्याचीच असते.

आधी दोष शोधावा

सर्वप्रथम संशयित स्पीकर सोडवून चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राला जोडून पाहावा. आवाज तिथे स्वच्छ आला, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये, तारेत किंवा गंजलेल्या सॉकेटमध्ये आहे. नंतर मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. आठ ओहमच्या स्पीकरवर मीटर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो. हा दोष नव्हे, कारण स्पीकरवर छापलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाचा असतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तार कुठे तरी तुटली आहे. पण ती वेटोळ्यातच तुटली असे लगेच मानू नये. सांगाड्यावरील पट्टीपासून कोनपर्यंत येणारी, जरीसारखी विणलेली लवचीक तार सतत हलून सोल्डरच्या डागाजवळ तुटते. एवढा एक डाग नव्याने देऊन कित्येक ‘मेलेले’ स्पीकर बोलू लागतात.

घासण्याची परीक्षा हाताने होते. दोन्ही हातांची बोटे कोनच्या मध्याजवळ समोरासमोर ठेवून तो सरळ रेषेत हलकेच आत दाबावा. खरखर जाणवली, तर वेटोळे मध्यावरून ढळले आहे. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत उभा राहिलेला स्पीकर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. अशा वेळी त्याचे स्क्रू काढून तो पेटीत अर्धा फिरवून, म्हणजे खालची बाजू वर करून, पुन्हा बसवावा. या उपायाला खर्च काहीच नाही आणि तो लागू पडला, तर आणखी काही वर्षे सहज निघतात.

कोनला लहान चीर असेल, तर तलम कागदाची (पतंगाचा चालतो) पट्टी, पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकाने दोन्ही बाजूंनी चिकटवावी. येथे हात आखडता हवा. चिकटपट्टी, रबरी सोल्यूशन किंवा डिंकाचा जाड थर दिला, की कोन जड होतो आणि त्याचा मूळ स्वर बिघडतो. काही कारागीर कोन ‘मजबूत’ करण्यासाठी त्यावर सरसकट वॉर्निशचा हात फिरवतात. वाद्याच्या स्पीकरचे त्याने कायमचे नुकसान होते.

वेटोळे जळाल्यावर

ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर चालवला, की वेटोळे तापून जळते आणि करपलेला वास येतो. मग कोन, वेटोळे आणि स्पायडर हा सारा संच बदलावा लागतो. जुना कागद व डिंक खरवडून काढल्यावर चुंबकाची फट चिकटपट्टीने पुसून घ्यावी, कारण लोखंडाचा एखादा कण आत राहिला, तर नवे वेटोळेही घासणार. वेटोळे मध्यावर बसवण्यासाठी त्याच्या आत, चुंबकाच्या मधल्या खुंट्याभोवती जुन्या फोटो-फिल्मच्या पातळ पट्ट्या सरकवतात. त्यानंतर स्पायडर आणि कोनची कड चिकटवतात. डिंक पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, पट्ट्यांना हात लावायचा नाही. त्या काढल्यावर मधली टोपी बसते. ज्या घाईने उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी स्पीकर दुकानात आणला जातो, ती घाई नेमकी याच टप्प्यावर नडते.

संच मूळच्याच वजनाचा व जाडीचा मिळाला, तर दुरुस्ती यशस्वी समजावी. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका असतो आणि पाच हजार हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. हा त्याचा दोष नसून गुण आहे. गिटारचा कर्कशपणा त्यानेच गाळला जातो. म्हणून घरगुती म्युझिक सिस्टिमचा महागडा स्पीकर त्या पेटीत बसवला, तर वाद्य बोचरे वाजू लागते.

चुंबक मात्र कधीही उघडू नये. जुन्या स्पीकरमध्ये ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा, ‘ॲल्निको’चा, चुंबक आढळतो. तो सुटा केला किंवा त्यावर आघात झाला, तर त्याची शक्ती उतरते. १९७८ मध्ये झैरेच्या शाबा प्रांतात झालेल्या संघर्षामुळे जगाचा कोबाल्टचा पुरवठा विस्कळीत झाला, किमती भडकल्या आणि आधीच सुरू झालेले फेराइट चुंबकाकडचे स्थलांतर वेगाने पुरे झाले. भंगाराच्या तराजूत आपण किलोवर टाकतो, ती वस्तू अशी आहे.

लोखंडी भोंग्याची गोष्ट याहून सोपी. त्याच्या मागील युनिटमधील डायफ्राम स्क्रू काढून सुटा बदलता येतो. तो त्याच मॉडेलचा घ्यावा एवढेच पथ्य.

नवा घ्यायचाच तर

सांगाडा वाकलेला, चुंबक सरकलेला किंवा योग्य संच अप्राप्य असेल, तेव्हा नवा स्पीकर घेण्यात कमीपणा नाही. मात्र इंचांत माप जुळले म्हणून स्पीकर जुळला असे होत नाही. पहिला प्रश्न ओहमचा. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर चार ओहम होतात, एकापुढे एक जोडले तर सोळा. ॲम्प्लिफायरच्या मागे ज्या आकड्याच्या खुंटीला तार लावायची, तो आकडा या हिशेबाशी जुळला पाहिजे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवला, तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला उलट फार कमी ओहमची भीती.

सभेच्या ॲम्प्लिफायरवर १०० व्होल्टची एक खुंटी असते. ती ट्रान्सफॉर्मर लावलेल्या लांबच्या भोंग्यांसाठी. आठ ओहमचा साधा स्पीकर तिथे थेट जोडणे म्हणजे त्या यंत्राकडे १,२५० वॉट मागणे. इतकी शक्ती त्यात नसतेच. परिणामी स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर, दोहोंपैकी एकाचा बळी जातो. असा अपघात झाला, की दोष ‘जुन्या मालावर’ ढकलला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

दोन स्पीकरपैकी एकच बदलला असेल, तर दीड व्होल्टच्या सेलने दोघांची दिशा तपासावी. सेलचे धन टोक दोन्हीकडे त्याच खुणेच्या खुंटीला लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेने सरकले पाहिजेत. अन्यथा एकाचा आवाज दुसरा खातो आणि खर्ज नाहीसा होतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक रेडिओंमधील स्पीकरचा प्रकार निराळा. त्यांत कायम चुंबकाऐवजी विद्युतचुंबक असे आणि त्याचे वेटोळे वीजपुरवठ्यातील चोक म्हणूनही काम करी. तो काढून साधा स्पीकर लावला, तर यंत्र चालूच होत नाही. त्या वेटोळ्याच्या जागी योग्य चोक किंवा रोधक बसवावा लागतो. हे काम जाणकारानेच करावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो.

अकोल्याचा उन्हाळा ४५ अंश ओलांडतो. टिनाखालचा माळा त्याहून तापतो, जुना डिंक कोरडा होऊन सुटतो. पाठोपाठ पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि उंदीर व कसर उरलेले काम करतात. म्हणून पेट्या माळ्यावर न ठेवता खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर, प्लास्टिकऐवजी सुती कापडात झाकून ठेवाव्यात. दर दोन-तीन महिन्यांनी त्या तासभर हलक्या आवाजात वाजवाव्यात. दुरुस्तीची तारीख, ओहम आणि बसवलेल्या संचाचे माप सांगाड्यावरच रंगाने लिहून ठेवले, तर पुढच्या कारागिराला अंदाज बांधत बसावे लागत नाही.